दाक्षायणी वेलायुधन आणि तरुण नेतृत्वाची कसोटी

या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा, देणगीदारांचे ऋणनिर्देश आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी अन्यत्र येतीलच. आम्ही येथे ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पुढील दहा वर्षांशी निगडित आहे. आपल्या देशात वयाच्या 18व्या वर्षी मताधिकार मिळतो, 21व्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येते आणि 25व्या वर्षी विधानसभेची व लोकसभेची दारे उघडतात. आज जी मुलगी दहावीच्या वर्गात बसून नागरिकशास्त्राचा धडा पाठ करीत आहे, ती सहा वर्षांत सरपंच आणि दहा वर्षांत आमदार होऊ शकते. तेव्हा राजकारण हा मोठ्यांचा विषय आहे, मुलांनी अभ्यासाकडे लक्ष द्यावे, असे म्हणून शिक्षकांना या प्रश्नातून अंग काढून घेता येणार नाही.

'युवा नेते' हा शब्द आज आपल्या गावोगावी दिसतो तो बहुधा फ्लेक्सवर. चौकात वाढदिवसाचा फलक लागतो, वरच्या रांगेत महापुरुषांच्या प्रतिमा, त्याखाली पक्षश्रेष्ठी, मधोमध हात जोडलेला तरुण आणि खाली शुभेच्छुकांची नामावली. या तरुणांपैकी काहींच्या अंगी खरोखरच तळमळ असते आणि त्यांच्यावर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. परंतु फलक पाहून एक गोष्ट कळत नाही. या तरुणाने कोणता प्रश्न अभ्यासला आहे, त्याचे स्वतःचे मत काय आहे आणि ज्यांनी त्याला पुढे आणले त्यांना न रुचणारे मत मांडण्याची वेळ आली तर तो काय करील, याविषयी फलक मौन पाळतो. आमच्या मते तरुण नेतृत्वाची कसोटी नेमकी येथे आहे. ही कसोटी समजावी म्हणून आम्ही केरळातील एका स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव दाक्षायणी वेलायुधन. भारताच्या संविधान सभेत ज्या 15 स्त्रिया होत्या, त्यांतील त्या वयाने सर्वांत लहान आणि अनुसूचित जातींतील एकमेव. सभेवर निवडून गेल्या तेव्हा त्यांचे वय 34 वर्षांचे होते.

मराठी वाचकांना हे नाव फारसे परिचित नाही. आपल्या जयंती-उत्सवांतील व्याख्यानमालांतून ते क्वचितच ऐकू येते. यामागे एक कारण आहे आणि ते आम्ही पुढे आडपडदा न ठेवता सांगणार आहोत.

दाक्षायणी यांचा जन्म 4 जुलै 1912 रोजी तेव्हाच्या कोचीन संस्थानात, एर्नाकुलमजवळील मुळवुकाड या बेटावर पुलय समाजात झाला. पुलय म्हणजे भातशेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या समाजाची माणसे जमिनीबरोबर विकली जात. कोचीन आणि त्रावणकोर संस्थानांनी 1854-55च्या सुमारास गुलामगिरी कायद्याने बंद केली, तरी सार्वजनिक रस्ता, विहीर, शाळा, बाजार यांपासून पुलयांना दूरच ठेवले जाई. सवर्णांपासून किती पावलांवर उभे राहावे याचेही दंडक होते. स्त्रियांना कमरेवरचे अंग झाकण्याची मुभा नव्हती. मुलींची नावेसुद्धा काळी, चक्की अशी ठेवावयाची, हा रिवाज होता. अशा समाजात आईबापांनी मुलीचे नाव 'दाक्षायणी' ठेवले, हीच त्या काळी एक धिटाई होती. आपल्याकडेही देवादिकांची आणि राजघराण्यांतील नावे ठेवली म्हणून खालच्या मानलेल्या जातींची टवाळी होत असे. त्यामुळे या धिटाईचे मोल आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या जन्मानंतरच्या वर्षी, 1913 साली, कोचीनमध्ये एक अपूर्व सभा भरली. पुलयांना संस्थानच्या भूमीवर एकत्र जमून सभा घेण्यास मज्जाव होता. तेव्हा कार्यकर्त्यांनी असा विचार केला की, बंदी जमिनीवर आहे, पाण्यावर नाही. समुद्राच्या अंगाने आत शिरलेल्या विस्तीर्ण संथ पाण्याला तिकडे कायल म्हणतात. त्या कायलात अनेक नावा एकमेकींना बांधल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि त्या तरंगत्या व्यासपीठावर पुलयांची परिषद झाली. ही परिषद 'कायल सम्मेलनम्' या नावाने केरळच्या इतिहासात नोंदली गेली आहे. पंडित करुप्पन यांच्यासारख्या सुधारकांचा तिच्यात पुढाकार होता आणि दाक्षायणी यांच्या घराण्यातील वडीलधारी मंडळीही पुलय महासभेच्या स्थापनेत अग्रभागी होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह या घटनेनंतर 14 वर्षांनी झाला. महाडला पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला गेला आणि कोचीनला पाण्याच्या आधाराने सभेचा हक्क मिळविला गेला. या दोन घटना आमच्या विद्यार्थ्यांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्हास वाटते.

दाक्षायणी शिकत गेल्या. कोचीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र घेतले. विज्ञान शाखेत त्या काळी मुलीच दुर्मीळ होत्या, तेथे पुलय मुलगी म्हणजे अघटितच. प्रयोगशाळेत एक सवर्ण शिक्षक त्यांना प्रयोग जवळून दाखवीत नसे आणि त्यांना तो दूर उभे राहून पाहावा लागे, अशी आठवण त्यांच्या कुटुंबीयांनी नमूद केली आहे. दुरून पाहून शिकलेल्या या विद्यार्थिनीने 1935 साली पदवी मिळविली. देशातील अनुसूचित जातींमधील पहिली स्त्री पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. पुढे त्यांनी मद्रास विद्यापीठातून अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि 1945 पर्यंत त्रिचूर व त्रिपुणितुरा येथील सरकारी शाळांत अध्यापन केले.

या दहा वर्षांकडे आम्ही शिक्षक म्हणून विशेष आदराने पाहतो. सभागृहात जाण्यापूर्वी त्यांनी एक दशक वर्गात घालविले होते. गरीब मुलाला शाळेत येण्यापासून काय अडविते, शुल्क माफ झाले तरी पुस्तक कोठून येणार, मजुरी करणारा बाप मुलाला किती दिवस शाळेत राहू देईल, या गोष्टी शाळेत दररोज समोर येतात. वसतिगृह चालविणाऱ्या प्रत्येकाला त्या ठाऊक आहेत. पुढे दाक्षायणी संविधान सभेत आर्थिक दास्याबद्दल जे बोलल्या, त्यामागे हा अनुभव उभा असणार, असे आम्ही समजतो.

1940 साली त्यांचा विवाह रामन वेलायुधन यांच्याशी झाला आणि तो आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात लागला. गांधीजी आणि कस्तुरबा उपस्थित होते आणि पौरोहित्य एका कुष्ठरोगी गृहस्थाने केले. त्यांचे नाव मराठी वाचकांपर्यंत न पोचण्याचे कारण बहुतांशी या विवाहात आणि त्यांच्या काँग्रेस पक्षाच्या सदस्यत्वात आहे. आपल्या चळवळीचा आणि गांधीजींचा वाद 1932च्या पुणे करारापासून किती तीव्र आहे, हे येथे पुन्हा सांगावयास नको. ज्या स्त्रीचे लग्न सेवाग्रामात लागले, जी काँग्रेसच्या वतीने सभागृहात गेली, ती आपली कशी, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. तो प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर त्यांच्या लग्नपत्रिकेत शोधण्यापेक्षा त्यांनी सभागृहात काय केले ते पाहून द्यावे, अशी आमची विनंती आहे.

1945 साली कोचीनच्या विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. तेथे त्यांनी 'हरिजन' या शब्दावरच बोट ठेवले. जोवर अस्पृश्यता जशीच्या तशी आहे तोवर हे नाव निरर्थक आहे, ते कुत्र्याला नेपोलियन म्हणून हाक मारण्यासारखे आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ज्यांच्या आश्रमात लग्न लागले त्यांनीच रूढ केलेल्या शब्दाबद्दल हे उद्गार होते. सोय पाहणाऱ्या कार्यकर्त्याने अशा वेळी तोंड मिटून घेतले असते.

येथे आमच्या वाचकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ आठवेल. तेही 1927 साली मुंबई विधान परिषदेत गेले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणूनच. त्यांचे वय तेव्हा 35 वर्षांचे होते. सरकारने नेमले म्हणून त्यांनी सरकारची री ओढली नाही. अर्थसंकल्पावरील पहिल्याच भाषणापासून त्यांनी सरकारी धोरणाची चिकित्सा केली, शिक्षणावरील अपुऱ्या खर्चाचा हिशेब मांडला आणि पुढे गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतींसाठी ते परिषदेत बोलले. खुर्ची कोणी दिली आणि त्या खुर्चीवरून कोणासाठी बोलावयाचे, या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या ठेवता येतात, त्याच्याच तोंडी प्रतिनिधी हा शब्द शोभतो. बाबासाहेबांच्या बाबतीत आपण हे अभिमानाने सांगतो. तोच निकष दाक्षायणी यांना लावावयास आपली हरकत नसावी.

1946 साली मद्रास प्रांतातून त्या संविधान सभेवर निवडून गेल्या. सभेचे काम 9 डिसेंबर 1946 रोजी सुरू झाले. पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, 17 डिसेंबरला बाबासाहेबांचे त्यावरील प्रसिद्ध भाषण झाले आणि 19 डिसेंबरला दाक्षायणी बोलावयास उभ्या राहिल्या. घटना तयार करणे तसे सोपे आहे, कारण नमुने पुष्कळ आहेत, मात्र ही सभा केवळ घटना लिहिण्यासाठी जमलेली नसून लोकांना जगण्याची नवी चौकट देण्यासाठी जमली आहे, असे त्यांनी सांगितले. प्रजासत्ताकाचा दाखला देताना त्या प्राचीन वैशालीच्या लिच्छवींकडे वळल्या. त्या गणराज्यात प्रत्येक नागरिकाला राजा म्हणत, याची त्यांनी सभेला आठवण करून दिली. ज्या लिच्छवींच्या एकत्र जमण्याच्या आणि एकमताने वागण्याच्या रीतीची भगवान बुद्धांनी वाखाणणी केली, त्यांचा दाखला संविधान सभेत भातशेतीच्या बांधावरून आलेल्या एका शिक्षिकेने द्यावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असली पाहिजे.

त्याच भाषणात त्यांनी सात कोटी अस्पृश्यांना अल्पसंख्य समजण्यास नकार दिला. तऱ्हेतऱ्हेच्या संरक्षणांपेक्षा नैतिक संरक्षण खरे आणि आम्हाला सामाजिक अपात्रतांचे तत्काळ निर्मूलन हवे, अशी त्यांची भूमिका होती. येथून त्यांची आणि बाबासाहेबांची वाट वेगळी होते.

ही भिन्नता सर्वांत स्पष्ट झाली ती 28 ऑगस्ट 1947 रोजी. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीच्या अहवालावर त्या दिवशी चर्चा चालू होती. मद्रासचेच अनुसूचित जातीचे सदस्य एस. नागप्पा यांनी एक सूचना मांडली. राखीव जागेवर निवडून येणाऱ्या उमेदवाराला एकूण मते अधिक मिळाली एवढे पुरेसे नाही, त्याच्या स्वतःच्या समाजाने दिलेल्या मतांपैकी किमान 35 टक्के मते त्याला मिळाली पाहिजेत, असा तिचा आशय होता. संयुक्त मतदारसंघात इतरांच्या मतांवर निवडून येणारा माणूस आपल्या समाजाचे बोलणार नाही, ही पुणे करारानंतरची आपली जुनी चिंता तीमागे होती. दाक्षायणी यांनी या सूचनेस विरोध केला. वैयक्तिक मत म्हणून त्यांनी असेही सांगितले की, कोणत्याही ठिकाणी कोणत्याही प्रकारच्या आरक्षणास आपण अनुकूल नाही. जोवर हा समाज दुसऱ्यांचा आर्थिक गुलाम आहे, तोवर मतदारसंघ स्वतंत्र असो वा संयुक्त, टक्केवारी ही असो वा ती, कशालाच अर्थ नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. नागप्पांची सूचना स्वीकारली गेली नाही. दुसऱ्याच दिवशी, 29 ऑगस्टला, बाबासाहेबांचा समावेश असलेली मसुदा समिती नेमण्यात आली.

या भाषणाबद्दल आमचे मत आम्ही स्पष्टपणे नोंदवितो. आरक्षणासंबंधी दाक्षायणी यांची भूमिका आम्हास मान्य नाही. समाजाच्या सद्‌बुद्धीवर त्यांनी टाकलेला विश्वास वाजवीपेक्षा अधिक होता. विधिमंडळांतील राखीव जागांची मुदत घटनेने प्रथम 10 वर्षांची ठरविली होती. ती पुनःपुन्हा वाढवावी लागली आणि आता ती 2030 पर्यंत आहे. नैतिक संरक्षण पुरेसे ठरले असते तर ही वेळ आली नसती. या शाळेत शिकून शासकीय सेवेत, वैद्यकीत, अध्यापनात गेलेले आपले माजी विद्यार्थी आरक्षणाच्या शिडीचा पहिला पायरीदांडा पकडूनच वर चढले आहेत आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काहीही नाही.

मात्र त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा भाग आजही तितकाच जड आहे. मत कोणाला द्यावयाचे हे ज्याच्या हातातली मजुरी ठरविते, त्याचे मत स्वतंत्र राहत नाही. हीच गोष्ट बाबासाहेबांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनाच्या मुळाशी आहे. त्यात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली आणि त्याचबरोबर शेतजमीन व मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असेही मांडले. उपाशी आणि बेकार माणसाला मूलभूत हक्कांचा उपभोग घेता येत नाही, हे त्यामागील सूत्र होते. उपायांबाबत दोघांत मोठे अंतर होते, परंतु रोगाचे निदान दोघांनी बरेचसे सारखेच केले होते. उपायांच्या भांडणात हे निदानच बाजूला पडले. आज लोकसभेच्या 543 जागांपैकी 84 आणि आपल्या विधानसभेच्या 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. शिष्यवृत्ती वर्षाअखेरीपर्यंत रखडते, वसतिगृहाचे अनुदान थकते, भूमिहीनाची गायराणावरील झोपडी उठविली जाते, तेव्हा या जागांवरून किती आवाज उठतात? नागप्पांचा प्रश्न येथे जिवंत आहे आणि दाक्षायणी यांचाही. राखीव जागेवरचा प्रतिनिधी उमेदवारीसाठी पक्षावर, विजयासाठी इतर समाजांच्या मतांवर आणि निवडणुकीच्या खर्चासाठी धनवानांवर अवलंबून असेल, तर त्याच्या निर्भयपणाला आधार कशाचा? याचे उत्तर घटनेच्या कलमात मिळणार नाही. ते माणूस घडविताना शोधावे लागेल.

दाक्षायणी यांनी तो निर्भयपणा स्वपक्षीयांच्या सभेतच दाखविला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा सभेपुढे ठेवला. 8 नोव्हेंबरला बोलताना दाक्षायणी यांनी बाबासाहेबांच्या विवेचनाचे कौतुक केले आणि मग मसुद्यावर टीका केली. त्यात कल्पना आणि तत्त्वे यांचा दुष्काळ आहे, तो 1935च्या कायद्याच्या वळणावर गेला आहे, केंद्राच्या हाती अधिक सत्ता एकवटली आहे, असे त्या म्हणाल्या. हा दोष केवळ मसुदा समितीचा नसून सर्व सदस्यांचा आहे, हेही त्यांनी सांगितले. मसुदा सार्वत्रिक निवडणुकीच्या द्वारे लोकांपुढे न्यावा आणि लोकांचा कौल घ्यावा, अशी त्यांची सूचना होती. ज्या सभेत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते, तेथे काँग्रेसचीच एक तरुण सदस्या हे बोलत होती. बाबासाहेबांबद्दल आदर आणि त्यांच्या कामाची चिकित्सा या दोन्ही गोष्टी तिने एकाच भाषणात केल्या. हे धैर्य आणि ही रीत दोन्ही शिकण्याजोगी आहेत.

त्याच महिन्यात, 29 नोव्हेंबर 1948 रोजी, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेपुढे आले. मसुद्यात त्याचा क्रमांक 11 होता, आज तो 17 आहे. दाक्षायणी यांनी त्यास पाठिंबा दिला. अस्पृश्यतेविरुद्ध सभेने आरंभीच जाहीर घोषणा करावी असा ठराव आपण आणू पाहत होतो, परंतु त्याची ही वेळ नव्हे असे आपणास सांगण्यात आले, हेही त्यांनी या वेळी बोलून दाखविले. घटना कशी चालेल हे कायद्याच्या अंमलबजावणीपेक्षा लोक पुढे कसे वागतात यावर अवलंबून राहील आणि म्हणून शिक्षेइतकेच प्रचाराचे व प्रबोधनाचे काम सरकारांनी हाती घ्यावे, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. पुढील वर्षी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, बाबासाहेबांनी सभेतील अखेरच्या भाषणात जो इशारा दिला, त्यातही घटनेचे भवितव्य ती राबविणाऱ्यांवर अवलंबून आहे हा विचार होता. शिक्षिकेचा विचार आणि घटनाकारांचा विचार येथे पुन्हा जवळ आले.

1952 नंतर दाक्षायणी संसदेत परत गेल्या नाहीत. त्यांचे पती पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. त्या स्वतः संसार, मुले आणि दिल्लीतील समाजकार्य यांत राहिल्या, सफाई काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये वावरल्या. 1971 साली केरळमधील अडूर मतदारसंघातून त्यांनी अपक्ष म्हणून लोकसभेची निवडणूक लढविली आणि त्यांचा पराभव झाला. 1977 साली त्यांनी दिल्लीत दलित स्त्रियांची परिषद भरविली, त्यातून महिला जागृती परिषद ही संघटना उभी राहिली. 20 जुलै 1978 रोजी त्यांचे निधन झाले. वयाच्या 40व्या वर्षीच ज्यांची संसदीय कारकीर्द संपली, त्यांना यशस्वी राजकारणी म्हणावे काय? मंत्रिपद आणि पुनःपुन्हा निवडून येणे हीच यशाची व्याख्या असेल तर म्हणता येणार नाही. परंतु 34 ते 40 या वयात त्यांनी जे बोलून ठेवले ते संविधान सभेच्या छापील वृत्तांतात कायम आहे आणि पाऊणशे वर्षांनंतरही त्यावर वाद घालावासा वाटतो. केरळ सरकारने अलीकडे त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आहे.

आता आमच्या शाळेकडे वळू. आपल्या सभागृहात महापुरुषांच्या तसबिरी आहेत. त्यांत दाक्षायणी वेलायुधन यांची तसबीर लावावी, अशी सूचना आम्ही या लेखाद्वारे करीत आहोत. कोणी म्हणेल, ज्यांनी बाबासाहेबांच्या मागणीला विरोध केला त्यांची तसबीर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी कशी शोभेल? त्यावर आमचे उत्तर असे की, आपला शास्ता कोणाच्याही सांगण्यावरून काही मानू नका, पारखून घ्या, असे सांगणारा होता आणि बाबासाहेबांनी आयुष्यभर विरोधकांशी ग्रंथप्रामाण्याने नव्हे तर युक्तिवादाने झुंज दिली. ज्या समाजाला आपल्यातल्या भिन्न मताच्या व्यक्तीचे नाव उच्चारताना अवघडल्यासारखे होते, त्या समाजातील तरुण सभागृहात गेल्यावर पक्षाध्यक्षापुढे भिन्न मत मांडील, ही अपेक्षा कशी करावी? घोषणा एका सुरात देण्याचे शिक्षण आपण मुलांना पुष्कळ देतो. उभे राहून, पुराव्यानिशी, समोरच्याचा मान राखून 'मला हे मान्य नाही' असे म्हणण्याचे शिक्षण आपण किती देतो, याचा हिशेब स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावयास हवा.

तसबिरीने काम संपणार नाही, याची आम्हास जाणीव आहे. म्हणून दुसरी सूचना अशी. दरवर्षी 26 नोव्हेंबरला आपण उद्देशिकेचे सामुदायिक वाचन करतो. त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलामुलींनी 28 ऑगस्ट 1947ची चर्चा शाळेत पुन्हा घडवून आणावी. एकाने नागप्पांची बाजू मांडावी, एकीने दाक्षायणींची, एकाने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधील बाबासाहेबांची. तयारीसाठी महिनाभर द्यावा आणि संविधान सभेच्या वृत्तांताचे खंड वाचनालयात आणून ठेवावेत. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटून द्यावी, म्हणजे स्वतःला न पटणारे मतही नीट समजून घेऊन मांडावे लागेल. अध्यक्षस्थानी विद्यार्थिनी असावी. शिक्षकांनी मागच्या बाकांवर बसावे आणि निर्णय देऊ नये. श्रोत्यांमध्ये पालकांना बोलवावे, विशेषतः ज्यांच्या पोटासाठी ही सारी चर्चा झाली त्या ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या पालकांना.

या मुलांपैकी एखादा उद्या ग्रामपंचायतीत जाईल, एखादी जिल्हा परिषदेत. कदाचित कोणी त्याहून पुढे जाईल. तेथे त्यांना बसविणारे कोणी ना कोणी असेल आणि त्यांच्या काही अपेक्षाही असतील. त्या वेळी आपण कोणासाठी आलो आहोत हे ओळखून त्यांनी उभे राहावे, एवढ्यासाठीच आम्ही ही सूचना संस्थेच्या विचारार्थ सादर करीत आहोत. येत्या 26 नोव्हेंबरपासून ती अमलात यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.